मेदाम्लांचा समतोल साधताना या चुका टाळा

तेल, लोणी आणि तळलेले पदार्थ निग्रहाने कमी करूनही रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढलेलेच दिसतात, किंवा जवस आणि अक्रोड रोजच्या आहारात आणूनही एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल खाली येत नाही, तेव्हा चूक बहुधा हिशेबात असते. आहारातून काय वगळले हे लक्षात राहते. त्याच्या जागी काय आले, याकडे सहसा कोणी पाहत नाही. माझ्या मते मेदाम्लांच्या, म्हणजे मेद ज्या घटकांनी बनतात त्यांच्या, बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे संपृक्त मेद (लोणी, तूप यांत जास्त असणारा) कमी करून ती जागा मैदा, साखर आणि गोड पेयांनी भरणे. संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त मेद (सूर्यफूल तेल, अक्रोड यांत जास्त असणारा) घेतल्यास एलडीएल उतरते आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. तीच जागा प्रक्रिया केलेल्या कर्बोदकांनी घेतली, तर एलडीएल थोडे घटले तरी उपयुक्त एचडीएल (‘चांगले’) कोलेस्टेरॉलही घटते, ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि हृदयाच्या दृष्टीने पदरात काहीच पडत नाही. ‘फॅट-फ्री’ असे लिहिलेल्या पदार्थात साखर किती आहे, हे म्हणूनच आधी पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त मेदातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा दिवसाला सुमारे २२ ग्रॅम होते.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. चांगले मेद म्हणून ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा आहारात आणला जातो, पण तो आधीच्या सगळ्या पदार्थांच्या जोडीला. कोणताही मेद असो, त्याच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे कर्बोदके किंवा प्रथिने यांच्या दुपटीहून जास्त. वजन वाढू लागले असेल, तर नवा पदार्थ कशाच्या बदल्यात घेतला हे तपासावे.

तेलांना ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी सरसकट लेबले लावणेही दिशाभूल करते, कारण प्रत्येक तेल अनेक मेदाम्लांचे मिश्रण असते. ऑलिव्ह तेलात एकअसंपृक्त ओलेइक आम्ल सर्वाधिक असले तरी संपृक्त मेदही थोडा असतोच, तर खोबरेल तेल वनस्पतिजन्य असूनही त्यातील सुमारे नऊ दशांश मेद संपृक्त असतो. सूर्यफूल तेलाचेही दोन प्रकार मिळतात: नेहमीच्या तेलात ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल भरपूर असते, तर ‘हाय ओलेइक’ प्रकारात ते बरेच कमी असते.

ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांच्या गुणोत्तराविषयी विस्ताराने लिहायला हवे, कारण येथे चांगले जाणकारही चकतात. लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल ही दोन्ही मेदाम्ले आपल्या शरीराला तयार करता येत नाहीत. काही मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून प्रथम दाखवले. पुढील रूपांतरासाठी दोन्ही गट त्याच विकरांवर (एन्झाइम्सवर) अवलंबून असतात, त्यामुळे ओमेगा-६ जितके कमी तितके बरे, असा निष्कर्ष काढला जातो. मात्र गुणोत्तर सुधारण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे परिणाम सारखे नाहीत. ओमेगा-६ निम्मे केल्याने आकडा आकर्षक दिसेल, पण ओमेगा-३ होते तेवढेच राहील आणि एलडीएल कमी ठेवणारे लिनोलेइक आम्ल मात्र हातचे जाईल. गुणोत्तराच्या मागे लागण्यापेक्षा ओमेगा-३ चे प्रत्यक्ष प्रमाण वाढवणे अधिक हिताचे ठरते.

ते वाढवतानाही एक गफलत होते. जवस आणि अक्रोड यांतून अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते; हृदय, मेंदू आणि दृष्टिपटल यांच्या संदर्भात ज्यांची चर्चा होते ती ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची मेदाम्ले मात्र शरीरात त्यापासून फार थोडी बनतात, त्यातही डीएचए अगदीच नगण्य. ती थेट हवी असतील, तर तेलकट मासे किंवा सूक्ष्मशैवालापासून काढलेले तेल हे मार्ग आहेत. माशांकडेही ती मुळात सूक्ष्मशैवालातूनच येतात. जवस अख्खे गिळल्यास बरेचसे न पचताच बाहेर पडते, म्हणून ते भरडून घ्यावे. मात्र भरड आणि जवसाचे तेल उजेड, उष्णता व हवेने लवकर खवट होतात. दोन्ही थोडीच आणून थंड जागी बंद ठेवावीत, आणि हे तेल तळणीसाठी वापरू नये.

ट्रान्स मेदाच्या बाबतीत समतोलाचा प्रश्नच नाही; औद्योगिक ट्रान्स मेद (तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना, म्हणजे हायड्रोजन जोडून ते घट्ट करताना, तयार होणारा) एलडीएल वाढवतो, एचडीएल घटवतो आणि त्याची शरीराला गरज नसते. वेष्टनावर शून्य लिहिलेले असले तरी घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ आहे का ते पाहावे, कारण काही देशांच्या नियमांनुसार एका वाढणीतील अल्प प्रमाण शून्य म्हणून छापता येते.

एवढे करूनही दोन-तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत एलडीएल चढेच राहिले, तर आणखी एक तेल बदलून पाहण्याऐवजी डॉक्टरांना भेटावे, कारण थायरॉईडची मंदावलेली क्रिया किंवा अनुवंशिकता हेही कारण असू शकते. ओमेगा-३ च्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. अशा मात्रेमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका काहींमध्ये वाढतो, आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी तर आधी सल्ला घेणे आवश्यकच आहे.