चीज भरलेले मशरूम: आधी पाण्याचा बंदोबस्त, मग सारण

चीज भरलेले मशरूम बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. मशरूमच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दांडा काढलेल्या टोपीच्या कच्च्या वाटीत सारण भरून थेट ओव्हनमध्ये ढकललं की ते पाणी सुटतं, सारणाखाली साचतं आणि उचलताना पाहुण्यांच्या मनगटावर ओघळतं. चव बरी असली तरी वाटी गचगचीत लागते. म्हणून या पदार्थात वाट्या आधी नुसत्या भाजून घ्यायच्या आणि सारण नंतर भरायचं. सगळं मिळून तासाभरात होतं आणि बरंचसं आदल्या दिवशी उरकता येतं.

सोबत आणखी एक-दोन पदार्थ असतील तर माणशी तीन मशरूम पुरतात. खालचं प्रमाण २४ नगांचं, म्हणजे आठ जणांचं आहे. साधारण ५०० ग्रॅम बटण मशरूम लागतील. टोपीचा व्यास ४ ते ५ सेंटिमीटर हवा. त्याहून लहान घेतले तर भरताना जीव मेटाकुटीला येतो आणि मोठे घेतले तर एका घासात मावत नाहीत. सगळे एकाच मापाचे निवडा, नाहीतर एका ट्रेमध्ये अर्धे कच्चे आणि अर्धे सुकलेले निघतील. मशरूम उलटा करून पाहा: टोपी दांड्याला पातळ पापुद्र्याने चिकटलेली असेल तर माल ताजा. टोपी उघडून आतल्या काळपट पाकळ्या दिसत असतील तर तो जुना. त्याला पाणीही काळं सुटतं.

सारणासाठी २०० ग्रॅम क्रीम चीज, ५० ग्रॅम किसलेलं चेडर किंवा पार्मेजान, एक लहान कांदा, लसणाच्या ४ पाकळ्या, १ मोठा चमचा लोणी, ३ मोठे चमचे कोरडे ब्रेडक्रम्ब्स, अर्धा छोटा चमचा मिरपूड आणि मूठभर चिरलेली पार्स्ली किंवा कोथिंबीर घ्या. वरच्या थरासाठी आणखी ४ मोठे चमचे ब्रेडक्रम्ब्स आणि १ मोठा चमचा वितळलेलं लोणी वेगळं ठेवा. वाट्यांना चोळायला २ चमचे तेल. पाहुणे काटेकोर शाकाहारी असतील तर पार्मेजानचं लेबल वाचून घ्या; अस्सल इटालियन पार्मेजान वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात.

मशरूम भिजत घालू नका. चाळणीत घेऊन नळाखाली भराभर धुवा आणि लगेच फडक्यावर पालथे घालून कोरडे करा. टोपी तळहातावर धरून दांडा अंगठ्याने एका बाजूला दाबला की तो अखंड निखळतो. ओढू नका, ओढल्याने टोपीची कड फाटते आणि त्या चिरेतून चीज बाहेर येतं. दांड्याचा तुकडा आत राहिलाच तर छोट्या चमच्याच्या टोकाने काढा.

ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापवा. वाट्यांना तेल चोळून त्या ट्रेवर पालथ्या मांडा, म्हणजे सुटणारं पाणी खाली गळून जाईल. १० ते १२ मिनिटांत ट्रेवर तपकिरी पाणी जमलेलं दिसेल. ते ओतून टाका आणि वाट्या कागदी टॉवेलवर पालथ्या ठेवा. त्या आक्रसलेल्या दिसतील. तसंच व्हायला हवं. दोनदा भाजल्याने मशरूमचा लगदा होईल ही भीती बाळगू नका. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं आणि ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे मशरूम भाजीसारखे गळून जात नाहीत. मीठ मात्र आत्ता लावू नका. चीज खारट असतंच.

वाट्या भाजल्या जात असताना दांडे अगदी बारीक चिरा. पसरट पॅनमध्ये लोणी गरम करून कांदा २ मिनिटं परता, मग दांडे घालून आच मोठी करा. आधी काहीच होत नाही, मग अचानक पॅनभर करडं पाणी दिसतं. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात. थांबा. पाणी आटत जातं तसा खदखदण्याचा आवाज जाऊन चुरचुर सुरू होते, तुकडे तळाला चिकटू लागतात आणि कडा बदामी होतात. याला ६ ते ८ मिनिटं लागतात आणि सारणाची निम्मी चव इथेच तयार होते. लसूण शेवटच्या मिनिटाला घाला. आधी घातलात तर तो करपून कडू होतो.

हे मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच क्रीम चीजमध्ये मिसळलं तर सारण पातळ होऊन भरताना ओघळतं. क्रीम चीज अर्धा तास आधी बाहेर काढलेलं असावं, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. कमी चरबीचं चीज टाळलेलं बरं, त्यात पाणी जास्त असतं. ताजं, पाण्यातलं मोझरेला तर नकोच. कोरडं मोझरेला चालतं, पण गार झालं की चिवट होतं, म्हणून किसलेल्या चीजऐवजी अर्धंच वापरा. सगळं एकत्र करून चव पाहा आणि मीठ लागलंच तर चिमूटभर घाला.

प्रत्येक वाटीत दोन छोटे चमचे सारण बसतं. कडेच्या जरा वर येईल इतकंच भरा. डोंगर रचला तर तो वितळून ट्रेवर जातो. लोण्यात कालवलेले ब्रेडक्रम्ब्स वर दाबून लावा. कोरडे भुरभुरवले तर ते खरपूस होत नाहीत, नुसते वाळतात. वाट्या डुगडुगत असतील तर चुरगाळलेल्या फॉइलवर टेकवा. आता पुन्हा २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा; कडेला सारण बुडबुडू लागलं आणि वरचा थर सोनेरी झाला की झालं. ५ मिनिटं थांबून मगच वाढा. आतलं चीज जीभ पोळण्याइतकं गरम असतं आणि तेवढ्या वेळात ते आळतंही.

एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर पालथ्या वाट्या ५ मिनिटं आणि भरल्यावर ७ मिनिटं ठेवा. पंख्याने ब्रेडक्रम्ब्स उडतात, तेव्हा ते बोटांनी घट्ट दाबा. ओव्हनच नसेल तर वाट्या पॅनमध्ये झाकण न ठेवता पालथ्या परतून पाणी आटवा, मग सुलट्या करून भरा आणि मंद आचेवर झाकून ५ ते ६ मिनिटं ठेवा. ब्रेडक्रम्ब्स वेगळे लोण्यावर परतून वाढताना पेरा, कारण झाकणाखाली ते मऊ पडतात.

आदल्या दिवशी भाजलेल्या वाट्या गार करून, भरून, झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतात. ब्रेडक्रम्ब्स मात्र ऐन वेळी लावा आणि भाजण्याची वेळ ४-५ मिनिटं वाढवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फ वितळताना पुन्हा पाणी सुटतं. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहिलेले टाकून द्या. फ्रीजमध्ये उरलेले १८० अंशांवर ८ मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. किंवा बारीक चिरून ऑम्लेटमध्ये घाला.