बेन नेव्हिसच्या माथ्यावरून धुक्यात कसे उतरावे : स्कॉटलंडला एका सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांकरिता

स्कॉटलंडला एका सत्रासाठी गेलेला मराठी विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच एक हिशेब मांडतो. ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर, आपली कळसूबाई १,६४६ मीटर, आणि कळसूबाई तर आपण रात्री विजेरीच्या उजेडात चढलेलो आहोत. मग अवघड ते काय? मीही हाच हिशेब मांडला होता आणि तो चुकीचा आहे. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच बऱ्याच उंचीवर वसलेले आहे, तर बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस खोऱ्यातली वाट समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटरवर सुरू होते, त्यामुळे इथे जवळपास सगळी उंची पायांनीच मिळवावी लागते. तरीही चढ हा खरा प्रश्न नाही. पुढच्या काही वर्षांत मी हे शिखर सात वेळा केले आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की वर कसे जायचे हे कोणीही सांगू शकतो. माथ्यावरच्या ढगातून खाली कसे यायचे, हे मात्र नीट सांगणारा क्वचितच भेटतो.

दिवस निवडणे

सप्टेंबरमध्ये सत्र सुरू होत असेल तर त्याच महिन्यात जावे. ‘आधी जरा स्थिरावतो, मग दिवाळीच्या सुमारास बघू’ हा विचार सोडून द्यावा, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. जानेवारीत येणाऱ्यांनी मेअखेरपर्यंत थांबावे. त्याआधी माथ्यावर बर्फ असतो, आणि बर्फकुऱ्हाड व क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) वापरण्याचे शिक्षण न घेतलेल्यांसाठी हा लेख नाही आणि तो डोंगरही नाही.

डोंगराजवळच्या फोर्ट विल्यम गावाचे हवामान पाहू नये. डोंगरांसाठी वेगळा अंदाज मिळतो, ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा किंवा मेट ऑफिस या ब्रिटिश हवामान खात्याचा, आणि त्यात दोनच गोष्टी पाहाव्यात : वरचा वारा आणि शिखरे ढगांतून मोकळी असण्याची शक्यता. झोत ताशी चाळीस मैलांच्या पुढे जाणार असतील तर मी तिकिटाचे पैसे बुडवतो, जात नाही.

पोहोचणे आणि चढणे

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावरून फोर्ट विल्यमची रेल्वे पावणेचार तासांच्या आसपास घेते. आदल्या रात्री ग्लेन नेव्हिसमध्येच मुक्काम करावा आणि सकाळी आठपर्यंत वाटेला लागावे. गूगल मॅप्सवर ‘बेन नेव्हिस’ टाकून निघू नये. सर्वांत जवळचा म्हणून दाखवला जाणारा वाहनतळ आणि तिथून शिखराकडे जाणारी तुटक रेषा जीवघेणी ठरू शकते, असा जाहीर इशारा डोंगरसंस्थांनी २०२१ मध्ये दिला होता. ग्लेन नेव्हिसच्या पर्यटक केंद्रापासून निघणारी ‘माउंटन ट्रॅक’ हीच वाट धरावी. सुती जीन्स नको, बूट घोट्यापर्यंतचे हवेत, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या कोणत्याही चॉकलेटपेक्षा चांगल्या टिकतात. ५७० मीटरच्या आसपास एक तळे लागते, पुढे रेड बर्न हा ओढा, आणि मग वळणावळणाची, घसाऱ्याची वाट, जिला सगळे ‘झिगझॅग’ म्हणतात. चार तास लागतात.

झिगझॅग संपले की थांबावे. इथून पुढे पठार आहे. ढग इथपर्यंत उतरलेला असेल आणि तुमच्याकडे होकायंत्र नसेल किंवा ते वापरता येत नसेल, तर इथूनच परत फिरावे. शिखर अगदी जवळ आहे, हे मान्य करूनही.

माथ्यावरून परत निघणे

माथा म्हणजे दगडांचे एक पसरट मैदान आहे. १८८३ ते १९०४ या काळात इथे हवामानाची वेधशाळा चालत होती, तिच्या पडक्या भिंती अजून आहेत, आणि आपण ज्या वाटेने आलो ती त्याच वेधशाळेसाठी बांधलेली होती. या मैदानाच्या उत्तरेला सरळ तुटलेले कडे आहेत आणि त्या कड्यांतल्या नाळी पठारात आतपर्यंत घुसलेल्या आहेत. त्यांतली सर्वांत घातक नाळ म्हणजे गार्डीलू. जुन्या एडिंबरामध्ये खिडकीतून घाण पाणी रस्त्यावर फेकताना ‘गार्डीलू’ असे ओरडत, आणि वेधशाळेचे लोक आपला कचरा याच नाळेत टाकत, म्हणून हे नाव. माथ्यावरून वाटेच्या दिशेने नाकासमोर निघालात तर नेमके तिच्या तोंडाशी पोहोचता. तिची धास्ती घेऊन फार डावीकडे सरकलात तर फाइव्ह फिंगर गली लागते, जी सुरुवातीला सोप्या उताराने बोलावते आणि मग सोडत नाही. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी ही वापरातली नाळ नाही, तिच्यातून उतरायचे नसते.

म्हणूनच इथे एक नव्हे, दोन दिशा पाळाव्या लागतात. माथ्यावरच्या त्रिकोणमितीच्या खांबापासून (सर्वेक्षणासाठी उभारलेला खांब) २३१ अंशांवर १५० मीटर, आणि त्यानंतर २८२ अंशांवर झिगझॅगच्या वरच्या टोकापर्यंत. हे आकडे नकाशाच्या उत्तरेनुसार, म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेषांनुसार आहेत. जुन्या पुस्तकांत त्यांत चार-पाच अंश मिळवायला सांगितलेले असते, ते आता करू नये. चुंबकीय उत्तर सरकत सरकत तिथे नकाशाच्या उत्तरेजवळ आलेली आहे. नव्या नकाशाच्या समासात तो फरक छापलेला असतो, तो पाहावा. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सर्वेक्षण संस्थेचा, एक्सप्लोरर ३९२.

१५० मीटर मोजायचे ते पावलांनी. विद्यापीठाच्या धावपट्टीवर शंभर मीटर चालून फक्त डावे पाऊल मोजावे. माझी पावले ६४ भरतात, म्हणजे दीडशे मीटरला ९६. दगडांवर पाऊल आखडते म्हणून मी १०० मोजतो. हा सराव करण्याचा कंटाळा प्रत्येकाला येतो आणि मलाही आला होता.

त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मी सव्वाच्या सुमारास माथ्यावरून निघालो, दहा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते, होकायंत्र छातीशी धरलेले होते आणि मी अगदी शिस्तीत काट्याप्रमाणे चालत होतो. थोड्या वेळाने समोरचे दगड संपले आणि पुढे नुसते पांढरे दिसू लागले. मी एक खडा पुढे टाकला. तो पडल्याचा आवाज आला नाही. कारण नंतर सापडले : छातीच्या खिशात फोन होता आणि त्याच्या पाकिटाला चुंबकाचे बटण होते. पावले मोजलेली नसल्यामुळे किती मागे जायचे हेही कळेना. शेवटी वेधशाळेची भिंत हाताला लागली तेव्हा बोटे इतकी गारठली होती की हातमोजा दातांनी ओढून चढवावा लागला.

तेव्हापासूनचे माझे नियम असे आहेत. फोन आणि पॉवर बँक पाठपिशवीच्या तळाशी, होकायंत्र हातभर दूर. खांबापाशी उभे राहून, वारा चुकवून, दोन्ही अंश आधी मोठ्याने म्हणायचे आणि सोबत्याकडून वदवून घ्यायचे. मग सोबत्याला दिसेल इतकेच पुढे पाठवायचे, हाकेने डावी-उजवीकडे सरकवून नेमक्या रेषेवर आणायचे, आपण त्याच्यापर्यंत जायचे आणि पुन्हा तेच. वेळ लागतो, लागू द्यावा.

‘लगोऱ्या दिसतात की’ असे सांगणारे भेटतील. पठारावर वाटेच्या कडेने रचलेल्या दगडांच्या मोठ्या राशी आहेत हे खरे, आणि दिसल्या तर त्यांचा आधार जरूर घ्यावा. पण दाट ढगात एकीपासून दुसरी दिसत नाही, आणि हौशी लोकांनी रचलेल्या छोट्या लगोऱ्या कुठेही असतात. ‘पुढच्याच्या मागे चला’ हा सल्ला तर त्याहून वाईट, कारण पुढचाही बहुधा कोणाच्या तरी मागेच चाललेला असतो.

चुकलो आहोत असे वाटले तर उताराला लागू नये. ज्या खुणेची खात्री आहे तिथे मोजलेल्या पावलांनी परतावे. कोणी जखमी असेल तर ९९९ हा तिथला आणीबाणीचा क्रमांक लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. बचावाचे पैसे पडत नाहीत आणि येणारे सगळे स्वयंसेवक असतात. फोर्ट विल्यमला पोहोचल्यावरच, सिग्नल असताना, ९९९ या क्रमांकावर ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द संदेशाने पाठवून ठेवावा, म्हणजे आवाज पोहोचत नसला तरी संदेशाने मदत मागता येते.

झिगझॅग लागले की बाकी सगळे गुडघ्यांचे काम. वळणे कापून सरळ उतरू नये, माती सुटते आणि खालच्यांवर दगड जातात. त्याच रात्रीचे परतीचे तिकीट काढू नये.