एक ठिपका, एक गुंठा: रब्बीच्या पाण्यासाठी उपग्रहाचा फोटो

पाऊस परतला, आभाळ निवळलं. उपग्रहाचे फोटो बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. पावसाळ्यात शेतापेक्षा ढगच जास्त दिसतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आपल्या शिवारावरून जातात आणि त्यांचे फोटो ‘कोपर्निकस ब्राउझर’ या वेबसाइटवर फुकट बघता येतात. गूगल मॅपवरचा फोटो या कामाचा नाही, तो कित्येकदा वर्ष-दोन वर्षं जुना असतो.

या फोटोतला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. कुणी मुद्दाम ठरवून केल्यासारखं जमलंय! एकरात ४० ठिपके. पिकातला ओलावा रंगांनी दाखवणारा फोटोचा थर मात्र २० मीटरच्या ठिपक्याचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. दहा गुंठ्यांच्या भाजीच्या वाफ्यासाठी त्याच्या नादी लागू नका.

पहिलं काम पिकाचं नाही, तलावाचं. उन्हाळी कांद्याचं रोप टाकण्याआधी गावच्या पाझर तलावाचा आजचा फोटो उघडा आणि गेल्या तीन-चार वर्षांतले याच आठवड्याचे फोटो शेजारी ठेवा. मोजपट्टीच्या खुणेने पाण्याच्या कडेकडेने रेघ मारली की क्षेत्र मिळतं. समजा, दोन वर्षांपूर्वी पाणी एवढंच पसरलं होतं आणि मार्चच्या फोटोत तळ उघडा पडला होता, तर यंदा कांद्याचा एकर कमी करायचा की नाही, हे आत्ताच ठरवता येतं. फोटो पसारा दाखवतो, खोली दाखवत नाही. तलावात गाळ भरला असेल तर तेवढ्याच पसाऱ्यात पाणी कमी असतं.

शेततळ्याला हा उपाय लागू नाही. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे नऊच ठिपके, त्यातले कडेचे अर्धे पाणी, अर्धे बांध. तिथे खुणा केलेली काठी रोवा आणि हिशेब करा. ३ मीटर खोल, काठाला एकास एक उतार असलेलं तळं तोंडोतोंड भरलं की साधारण २२ लाख लिटर. एका एकराला ६ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला जवळजवळ अडीच लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराच्या नऊ पाळ्या. दोन पाळ्यांचा हरभरा असेल तर चार एकर, पाच पाळ्यांचा गहू असेल तर दोन एकरही नाही. बाष्पीभवन यातूनच जायचंय.

आता पीक. गव्हाला मुकुटमुळं फुटताना, म्हणजे १८ ते २१ दिवसांनी, पाणी द्यायचं ते फोटोची वाट न बघता. तेव्हा पीक एवढं लहान असतं की वरून मातीच दिसते. पान झाकलं की मग दर आठवड्याला ओलाव्याचा थर बघा: निळा म्हणजे ओल, तांबडा म्हणजे कोरडं. सगळं शेत एकसारखं फिकट झालं तर पाळी जवळ आली असं समजा. एकच पट्टा तांबडा दिसला तर आधी ठिबकच्या नळ्यांची टोकं सोडून बघा. बहुतेक वेळा ड्रीपर चोकलेले सापडतात.

यात मी एकदा फसलोय. हरभऱ्यात बांधाकडच्या सखल कोपऱ्यात तांबडं ठिगळ दिसलं, मी घाईने पाणी सोडलं. आठवड्यात ठिगळ दुप्पट झालं. झाड उपटलं तर मुळं कुजलेली! पाणी कमी नव्हतं, जास्त झालं होतं. मुळं कुजून सुकलेलं झाड आणि तहानलेलं झाड वरून सारखंच दिसतं. तेव्हापासून तांबडा डाग दिसला की आधी खुरपं घेऊन जातो. वीतभर खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर मोटर बंदच ठेवायची.

विहिरीतलं पाणी कुठलाच उपग्रह दाखवत नाही. भूजलाचा अंदाज देणारे उपग्रह आहेत, पण त्यांचा एक ठिपका कित्येक तालुके गिळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या गावच्या विहिरीची नोंद ग्रामपंचायतीत विचारा. स्वतःच्या विहिरीसाठी दोरीला दगड पुरे. दर पंधरा दिवसांनी, पहाटे, मोटर चालू करायच्या आधी मोजा आणि आकडा तलावाच्या फोटोच्या तारखेशेजारी वहीत लिहा.