हँडहेल्ड कन्सोलच्या गेमयाद्या कशा पारखाव्यात : डीएस आणि पीएसपी समोरासमोर ठेवून

एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायची गेमयंत्रे, समोर असले, की पडदा केवढा, बॅटरी किती तास टिकते आणि किंमत काय, या प्रश्नांची उत्तरे खोक्यावरच छापलेली मिळतात. कोणत्या यंत्रावर आपल्याला खेळण्याजोगे काय आहे, हे मात्र कुठेही एका जागी लिहिलेले नसते आणि ते ज्याचे त्याला मांडावे लागते. ही मांडणी दाखवण्यासाठी मी निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी, ही जोडी निवडली आहे. डीएस २१ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत आला. पीएसपी त्याच वर्षी १२ डिसेंबरला जपानमध्ये आणि २४ मार्च २००५ रोजी अमेरिकेत आला. दोघांचाही काळ पूर्ण झालेला असल्यामुळे यादीतली कोणती खूण भरवशाची ठरली आणि कोणती फसवी, हे आता स्वच्छ दिसते. शिवाय जुन्या वस्तूंच्या बाजारात दोन्ही यंत्रे अजून फिरत असल्याने या दोघांतून एकाची निवड करण्याची वेळ आजही पुष्कळांवर येते.

सुरुवात गेमपासून न करता खेळणाऱ्यापासून करावी. कागदाच्या माथ्यावर खेळणाऱ्याचे वय, एका बैठकीला त्याला मिळणारा वेळ, त्याच्यासोबत खेळणारी माणसे, घरात आधीपासून असलेला दुसरा कन्सोल आणि इंग्रजी मजकूर वाचण्याची त्याची सवय, एवढ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. यातली शेवटची बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे, कारण या यंत्रांवरचे नावाजलेले गेम मराठीत निघालेले नाहीत. प्रोफेसर लेटन आणि एस अटर्नी या मालिका डीएसच्या यादीतले मानाचे गेम आहेत, पण त्यांचा सारा आनंद संवाद वाचून कोडी आणि खटले सोडवण्यात असल्यामुळे इंग्रजी नुकतेच जुळवून वाचू लागलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. त्याच मुलाला मारिओ कार्ट डीएस पहिल्या मिनिटापासून खेळता येतो. म्हणून जो गेम या माणसाला खेळता येणार नाही, तो कितीही थोर असला तरी त्याच्या कागदावर तो मोजू नये.

यानंतर दोन्ही यंत्रांसाठी वेगवेगळा कागद घेऊन प्रत्येक गेमच्या नावापुढे त्याची प्रकाशनाची तारीख, तो आणखी कुठे मिळतो, कोणत्या मॉडेलवर चालतो आणि सोबत किती जण खेळू शकतात, हे रकाने आखावेत. एकूण किती गेम निघाले, हा आकडा मी लिहीतच नाही. दोन्ही यंत्रांवर शेकड्यांनी गेम निघाले आणि त्यांतले बहुसंख्य कुणाच्याही लक्षात राहिलेले नाहीत. तेव्हा ज्या दहाबारा गेमसाठी आपण खरोखर पैसे मोजू, त्यांच्यापुरतीच यादी ठेवणे शहाणपणाचे आहे.

तारखेचा रकाना का हवा, हे मार्च २००५ मधल्या एखाद्या अमेरिकी ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. पीएसपीसोबत लुमिनेस, वाइपआउट प्युअर, रिज रेसर, ट्विस्टेड मेटल : हेड-ऑन आणि मेटल गिअर अ‍ॅसिड असे गेम दुकानात आले होते. डीएसचा पहिल्या दिवसाचा मोठा गेम सुपर मारिओ ६४ डीएस हा १९९६ च्या गेमवर आधारलेला होता. त्या दिवसाची यादी पाहून पीएसपी घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र पुढच्याच महिन्यात जपानमध्ये निन्टेन्डॉग्ज आला, मे महिन्यात मेंदूच्या व्यायामाचा ब्रेन ट्रेनिंग आला, वर्ष संपण्यापूर्वी मारिओ कार्ट डीएस आणि अ‍ॅनिमल क्रॉसिंग : वाइल्ड वर्ल्ड आले आणि मे २००६ मध्ये आलेल्या न्यू सुपर मारिओ ब्रदर्सच्या पुढे तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. अखेरीस डीएसच्या सर्व मॉडेलांची मिळून विक्री १५ कोटी ४० लाखांच्या घरात गेली आणि पीएसपी सुमारे ८ कोटींवर थांबला. पहिल्या दिवसाची यादी यंत्राची ताकद दाखवते. त्या यंत्रासाठी कंपनी स्वतः काय करणार आहे, हे दुसऱ्या वर्षाची यादी दाखवते.

म्हणून नवे यंत्र घेताना यादीचे तीन भाग पाडावेत : आज दुकानात असलेले गेम, ज्यांची तारीख जाहीर झाली आहे असे गेम आणि ज्यांचे केवळ नाव ऐकू आले आहे असे गेम. तिसऱ्या भागाला काडीचेही वजन देऊ नये. पीएसपीसाठी ग्रॅन टुरिस्मोची घोषणा २००४ मध्येच झाली होती आणि तो गेम लोकांच्या हाती ऑक्टोबर २००९ मध्ये पडला. केवळ त्याच्यासाठी पहिल्या दिवशी पीएसपी घेणाऱ्याची गत बाजारात तुरी अशीच झाली असणार.

सगळ्यात जास्त फसगत सारख्या नावांमुळे होते. दोन्ही याद्यांत रिज रेसर दिसतो म्हणून दोघांना एकेक गुण देऊन पुढे जाणे सोपे आहे. पण रिज रेसर डीएस हा निन्टेन्डो ६४ वरच्या जुन्या गेमचे रूपांतर आहे, तर पीएसपीवरचा रिज रेसर मालिकेतले जुने रस्ते नव्या रूपात एकत्र आणून त्या यंत्रासाठीच बांधलेला आहे. स्पायडर-मॅन २ चेही तसेच. पीएसपीवर तो त्रिमितीय शहरात खेळायचा गेम आहे आणि डीएसवर डावीउजवीकडे सरकत जाणारा. याच्या उलट बाजूचे उदाहरण ग्रँड थेफ्ट ऑटो : चायनाटाउन वॉर्सचे आहे. तो मार्च २००९ मध्ये डीएसवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीएसपीवर आला. कथा तीच, पण डीएसवर कुलूप उघडण्यासारखी कामे त्याच्या दोन पडद्यांपैकी स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर लेखणीने करायची असतात, तर पीएसपीवर चित्र अधिक रेखीव आहे आणि काही कामगिऱ्या वाढवलेल्या आहेत. (हा गेम प्रौढांसाठी आहे, हे घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावे.) तेव्हा नाव जुळले की लगेच दोन्हींचे चालू खेळाचे चित्रण शेजारी शेजारी लावून दहा मिनिटे पाहावे, जाहिरातीचे चित्रण यासाठी चालत नाही, कारण त्यात बटणे दाबल्यावर काय घडते ते दिसत नाही.

फक्त याच यंत्रावर मिळतो, या दाव्याची तपासणी घरातल्या दुसऱ्या कन्सोलकडे पाहून करायची असते. ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतलाच लिबर्टी सिटी स्टोरीज ऑक्टोबर २००५ मध्ये पीएसपीवर आला तेव्हा तो पीएसपीचा हुकमी एक्का होता. जून २००६ मध्ये तोच गेम प्लेस्टेशन २ वर आला आणि घरी तो कन्सोल असलेल्या माणसाच्या दृष्टीने पीएसपीच्या यादीतले एक मोठे नाव गळाले. लोकोरोको आणि पाटापॉन हे पीएसपीचे लाडके गेम पुढे प्लेस्टेशन ४ वर नव्याने निघाले. डीएसवरच्या द वर्ल्ड एंड्स विथ यूचा प्रकार वेगळा आहे : तो नंतर फोनवर आणि निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला खरा, परंतु दोन पडद्यांवर एकाच वेळी लढण्याची त्याची मूळ रचना बदलूनच. ज्याला ती मूळ रचना अनुभवायची आहे, त्याच्यासाठी तो गेम आजही डीएसच्याच यादीत राहतो. गेम दुसरीकडे गेला का, एवढे विचारून भागत नाही. जाताना त्याने काय सोडले, हेही विचारावे लागते.

आता मॉडेलच्या रकान्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरेदीतल्या सर्वाधिक चुका इथे होतात आणि त्या टाळणे सर्वांत सोपे आहे. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या यंत्रांची यादी एकच असेल, असे आपण गृहीत धरतो. मूळ डीएस आणि २००६ चा डीएस लाइट यांच्या खालच्या बाजूला गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज बसवण्याची खाच आहे, त्यामुळे त्या जुन्या यंत्राचे गेमही तुमच्या यादीत जमा होतात. २००८ मध्ये आलेल्या डीएसआयमधून ही खाच काढून टाकण्यात आली आणि ती सारी यादी गेली. नुकसान तेवढ्यावर थांबले नाही : गिटार हिरो : ऑन टूर या गेमची बटणांची मूठ त्याच खाचेत बसते, म्हणून तो डीएसचा गेम असूनही डीएसआयवर खेळता येत नाही, आणि पोकेमॉन डायमंड किंवा पर्लमध्ये जुन्या कार्ट्रिजमधले पोकेमॉन आणायचे असतील, तर तेही याच खाचेतून आणावे लागतात.

पीएसपीच्या बाबतीत हा फरक आणखी तीव्र आहे. या यंत्राचे गेम युएमडी नावाच्या छोट्या, बंद डबीतल्या चकतीवर येत. २००९ च्या पीएसपी गोमध्ये चकतीची जागाच नाही; त्यावर केवळ डाउनलोड केलेले गेम चालतात, त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या युएमडींचा ढीग त्याच्या मालकाच्या काहीच कामाचा नाही. २०११ मध्ये युरोपात आलेल्या ई१००० या स्वस्त मॉडेलमध्ये चकती चालते, पण वाय-फाय नाही. मॉन्स्टर हंटरची मालिका जपानमध्ये पीएसपीच्या यशाचे मोठे कारण ठरली, ती चार मित्रांनी शेजारी बसून वाय-फायवरून एकत्र शिकार करण्याच्या सोयीमुळे. ई१००० वर गेम सुरू होतो आणि माणूस एकटाच शिकारीला जातो. कागदावर दोन्ही ठिकाणी मॉन्स्टर हंटर असेच लिहिलेले असते.

सोबत्यांच्या रकान्यात आणखी एक प्रश्न विचारावा : चौघांनी खेळायचे तर गेम किती विकत घ्यावे लागतील? मॉन्स्टर हंटरसाठी प्रत्येकाजवळ स्वतःची प्रत लागते. मारिओ कार्ट डीएसमध्ये मात्र एकाच कार्डावरून आठ जणांपर्यंत खेळता येते. इतरांना पात्र आणि रस्ते निवडायला मर्यादा येते, तरी सुट्टीत भावंडे जमलेल्या घरात ही सोय फार मोलाची आहे. इंटरनेटवरून खेळण्याचा भाग यादीतून सरळ खोडावा, कारण डीएसची निन्टेन्डोची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली.

प्रदेशाचा मुद्दा या जोडीपुरता सोपा आहे. डीएसचे आणि पीएसपीचे बहुतेक गेम कोणत्याही देशातून आणले तरी चालतात. केवळ डीएसआयसाठीच काढलेल्या गेमना प्रदेशाचे कुलूप आहे, आणि डीएसनंतर आलेल्या निन्टेन्डोच्या ३डीएसला तर ते सर्रास आहे. पण चालणे आणि समजणे यांत अंतर आहे : डिसेंबर २०१० चा मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड पीएसपीवर केवळ जपानमध्ये निघाला. भारतापुरते सांगायचे तर पीएसपीच्या यादीत कबड्डीचा समावेश असलेला देसी अड्डा आणि गल्लीतल्या क्रिकेटवरचा स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स असे इथेच घडवलेले गेम आहेत. ते थोर आहेत असे मी म्हणणार नाही, पण सातवीतल्या मुलाच्या कागदावर त्यांची नोंद जरूर असावी.

हीच पद्धत आजच्या यंत्रांना लावताना थोडा बदल करावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकची स्वतःची अशी गेमयादी नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातले जे त्यावर नीट चालते ती त्याची यादी. तपासणी झालेला गेम पडताळलेला आहे, खेळण्याजोगा आहे की चालत नाही, याचा शेरा स्टीमवर दिलेला असतो आणि मॉडेलच्या रकान्यात तोच लिहावा. त्यातही खेळण्याजोगा या शेऱ्याचा तपशील उघडून वाचावा, कारण कधी अडचण अक्षरांच्या आकाराची असते आणि कधी प्रत्येक वेळी हाताने सेटिंग बदलावी लागण्याची. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ च्या बाबतीत खोक्यावर गेम-की कार्ड असा उल्लेख आहे का, ते पाहावे; अशा कार्डात गेम नसतो, तो आधी डाउनलोड करावा लागतो आणि नंतर खेळतानाही कार्ड आत असावे लागते. ३डीएसच्या दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली तेव्हा केवळ डाउनलोडने मिळणारे त्याचे गेम नव्या ग्राहकाच्या यादीतून एका दिवसात नाहीसे झाले, म्हणून कार्डावर मिळणारे आणि फक्त डाउनलोडने मिळणारे गेम मी नेहमी वेगळ्या रंगाच्या शाईने लिहितो.

जुने यंत्र घेणाऱ्याने यादी पक्की झाल्यावर पैसे देण्याआधी प्रत्येक प्रत हातात घेऊन पाहावी. युएमडीची प्लॅस्टिकची डबी कडेने सुटलेली नाही ना, हे तपासून ती विक्रेत्याच्याच यंत्रात घालून गेमचा पहिला टप्पा उघडेपर्यंत थांबावे. पीएसपीला प्रगती साठवण्यासाठी मेमरी स्टिक लागते, तिची किंमतही यादीच्या खर्चात धरावी. डीएसच्या पोकेमॉन गेमच्या नकली प्रती बाजारात भरपूर आहेत. हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर, ब्लॅक आणि व्हाइट यांची अस्सल कार्डे इन्फ्रारेडसाठी वेगळ्या प्लॅस्टिकची असल्यामुळे प्रखर दिव्यासमोर धरली की गडद लालसर पारदर्शक दिसतात, आणि नकली कार्डातून बहुधा उजेड आरपार येत नाही.