एमजीबी विलायतेची की अमेरिकेची? आधी वायपर मोजा

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. एकाच कारखान्यात ती विलायतेसाठी एका तऱ्हेनं आणि अमेरिकेसाठी दुसऱ्या तऱ्हेनं बनायची. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर ट्रकमधून एक लाल एमजीबी उतरली. मालक म्हणाले, "अस्सल विलायती आहे, १९७२ ची." स्टिअरिंगही उजवीकडेच होतं. मी काचेखालच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं, तर बरोबर मध्यावर रुपयाएवढ्या जागेत ते चिकटेना. तिथं भरलेली लांबी (पुट्टी) खरवडली आणि वायपरच्या दांड्याचं भोक निघालं. अमेरिकेच्या नियमाला काच जास्त पुसली जायला हवी, म्हणून तिकडच्या उघड्या गाड्यांना १९६९ च्या सुमारास तीन वायपर आले. विलायतेत दोनच राहिले. म्हणजे ही गाडी अमेरिकेसाठी बनलेली, स्टिअरिंग नंतर उजवीकडे आणलेलं. जीटीला, म्हणजे पक्क्या छपराच्या एमजीबीला, मात्र सगळीकडे दोनच, तिथं ही खूण चालत नाही.

बरेच जण बंपर बघतात. काळा रबरी बंपर म्हणजे अमेरिकन, असं ठोकून सांगतात. तसं नाही. तो आला अमेरिकेच्या नियमामुळंच, पण १९७४ च्या शेवटापासून इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यानं सगळ्याच देशांच्या गाड्यांना लावला. गाडी इंच-दीड इंच उंच झाली तीही सगळ्यांची.

खरं उत्तर चॅसिस क्रमांकाच्या पट्टीवर असतं. जीएचएन म्हणजे उघडी गाडी, जीएचडी म्हणजे जीटी. जीएचएन५ च्या पुढं यू आला, की गाडी उत्तर अमेरिकेसाठी बनलेली. पट्टी बदललेली वाटली तर आत बसा. १९६८ ते ७१ च्या अमेरिकन गाडीत डॅशबोर्ड उशीसारखा फुगीर असतो आणि त्याला कप्पा नसतो. विलायतेच्या गाडीत तेव्हा साधा पत्र्याचाच होता.

मग बॉनेट उघडा. इथं घाई करू नका, कारण पैशाचा प्रश्न इथंच आहे. विलायतेच्या गाडीवर शेवटपर्यंत एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर राहिले. अमेरिकेच्या गाडीवर १९७५ पासून झेनिथ-स्ट्रॉमबर्गचा एकच कार्बोरेटर. त्यात कॉम्प्रेशन (पिस्टन हवा-पेट्रोल किती पट दाबतो ते) ८ वर उतरवलेलं, विलायतेत ९ च्या आसपास. शेवटच्या वर्षांत विलायतेत ८४ हॉर्सपॉवर तर अमेरिकेत साठ-बासष्टच. पन्हाळ्याचा चढ चढताना हा फरक पायाला कळतो. इंजिनाच्या हेडवर एका ओळीत चार भोकं बोल्टनं बुजवलेली दिसली, तर तिथं एकेकाळी धुरात हवा सोडणाऱ्या पंपाची नळी होती. म्हणजे मूळ गाडी अमेरिकन, नंतर कुणीतरी तो पंप काढून टाकलेला.

अशी गाडी घ्यायची नाही का? जरूर घ्या, किंमत मात्र अमेरिकन गाडीची द्या. दोन एसयू आणि त्यांचं मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी नळ्यांची जोडणी) बसवता येतं. कॉम्प्रेशन मात्र पिस्टन बदलल्याशिवाय नीट वाढत नाही, म्हणून इंजिन उघडणार असाल तेव्हाच दोन्ही कामं एकदम करा.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. अमेरिकेच्या गाडीला १९६८ पासून ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी आहेत. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. विलायतेच्या गाडीला हे बऱ्याच वर्षांनी मिळालं. त्या लाल गाडीचे मालक 'सगळं विलायती करा' म्हणून हटून बसले होते. मी त्यांना शेजारी बसवून पन्हाळ्यावरून खाली आणलं. ब्रेक आहे तसाच राहिला.