‘स्टाफचं सहकार्य नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नवे प्राचार्य असोत, विभागप्रमुख असोत की विद्यापीठात नव्याने आलेले कुलसचिव, दोन-तीन महिन्यांत तक्रार एकच: स्टाफचं सहकार्य नाही. मग त्यावर ठरलेले उपाय निघतात. कुणा प्रेरणादायी वक्त्याचं व्याख्यान, शिक्षकदिनी गुलाबाचं फूल आणि एक गूगल फॉर्म. प्रशासनात वर्षं गेल्यावर माझं मत असं झालंय की सहकार्य बहुतेकदा वरच्या खुर्चीतूनच मोडलं जातं.

आधी ठरवायचं, मग विचारायचं

ही सगळ्यांत महाग चूक. मुंबई विद्यापीठाचं २०१७ आठवा. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं, आणि तेही एखाद्या शाखेपुरतं नाही, सगळीकडे एकदम. तपासणारे प्राध्यापक, स्कॅनिंगची व्यवस्था, केंद्रांवरचे संगणक, कशाचीच तयारी पुरी नव्हती. लॉगिन चालेनात, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कायद्याप्रमाणे निकाल फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. दरम्यान ‘प्राध्यापक तपासायला येत नाहीत’ हेही ऐकवून झालं होतं!

गंमत म्हणजे पद्धत वाईट नव्हती. पुढे तीच चालू राहिली. एका शाखेवर, एका सत्रात करून पाहिली असती तर काय बिघडलं असतं? पण नव्या साहेबांना पहिल्याच वर्षी काहीतरी ‘करून दाखवायचं’ असतं. ही घाई मला अजिबात सहन होत नाही.

माझी सवय सांगतो. परिपत्रकाचा मसुदा सहीला जाण्याआधी मी तो घेऊन ज्या टेबलावर ते काम पडणार आहे तिथे जाऊन बसतो. केबिनमध्ये बोलावून विचारलं तर ‘हो सर’ एवढंच ऐकू येतं. तिथे बसून एक अर्ज आवकपासून जावकपर्यंत प्रत्यक्ष फिरवायला सांगायचा. तिसऱ्या मिनिटाला वरिष्ठ लिपिक चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “साहेब, इथे अडकणार बघा.” बहुतेक वेळा तिथेच अडकतं.

कागदावरचा सहभाग

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीत निवडून आलेले तीन शिक्षक आणि एक शिक्षकेतर कर्मचारी ठेवले आहेत. वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी इतिवृत्त आधी लिहून तयार असतं, ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’. बैठक म्हणजे सह्यांपुरता चहा.

एका कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, समिती आली असताना मी हजर होतो. फाइल देखणी, जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) फोटोंसकट. सदस्यांनी शिक्षकेतर प्रतिनिधीला सहज विचारलं, “गेल्या वर्षी तुमची कुठली सूचना मान्य झाली?” त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी समन्वयकांकडे, समन्वयक पानं उलटू लागले. वर्षभराच्या चारही इतिवृत्तांचं अक्षर एक, शाई एक, कॉमाही जागच्या जागी. समितीने पुढे काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

म्हणून माझ्याकडे बैठकीचा पहिला विषय एकच: मागच्या वेळी कोण काय म्हणालं आणि त्याचं काय झालं. जे नाकारलं तेही कारणासह लिहायचं. नाकारलं म्हणून माणसं तुटत नाहीत. उत्तरच आलं नाही की ती पुढच्या खेपेपासून गप्प बसतात.

बाकीच्या, थोडक्यात

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती द्या’ टाकू नका. खाली आलेले चाळीस अंगठे हा सहभाग नव्हे.

बायोमेट्रिकवर माणूस आला-गेला एवढंच कळतं. त्यावरून वर्गातलं काही ठरवू नका.

एक्यूएआरचं, म्हणजे नॅकला पाठवायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाचं, सगळं काम दरवर्षी त्याच दोन तरुण प्राध्यापकांच्या गळ्यात घालू नका. ती मुलं आधी पीएचडी सोडतात, मग कॉलेज.

कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, प्रस्तावात त्रुटी एकेक करून काढू नका. आज प्रमाणपत्राची प्रत, पुढच्या महिन्यात सही, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी काही. पीएचडी असलेल्या सहायक प्राध्यापकाची पहिली पदोन्नती ४ वर्षांनी देय होते आणि फाइल त्यापुढे कितीतरी रेंगाळते. सगळ्या त्रुटी एकाच टिपणीत, एकदाच.

आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. वर्ग तेच घेतात, पेपर तेच तपासतात, पण बैठकीची सूचना त्यांना जात नाही आणि मानधन महिनोन्‌महिने येत नाही. मग वार्षिक कार्यक्रमात व्यासपीठावरून ‘आपण सारे एक कुटुंब’! शासनाकडून अनुदान कधी येईल ते आपल्या हातात नसतं, मान्य. पण तासांचं बिल दर महिन्याला तपासून पुढे पाठवणं आपल्याच हातात असतं. पुढचं स्नेहभोजन ठरवण्याआधी लेखा विभागात जा आणि गेल्या महिन्याची बिलं कुणाच्या टेबलावर पडली आहेत ते बघा.