ड्यूटीचा थकवा मोबाइलवर मोजायचा कसा आणि उतरवायचा कसा

नाइट ड्यूटी संपवून दिवसभर झोपलात आणि उठल्यावर हलके वाटले, तर तो साधा थकवा. पण भरपूर झोप होऊनही पुन्हा वॉर्डात जायचे म्हटले की पोटात गोळा येतो, पेशंटचे नाव न आठवता नुसता ‘चार नंबरचा बेड’ डोक्यात राहतो, आणि एवढे राबूनही हातून काही धड होत नाही असे वाटते. असे आठवडेच्या आठवडे चालले, तर बर्नआउटची शंका घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याची खूण हीच सांगितली आहे: गळून जाणे, कामावरून मन उडणे, कामाचा कस उतरणे. मात्र तिथे त्याला आजार म्हटलेले नाही. नोकरीतला ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, त्याचा तो परिणाम. कोणी हाताळला नाही, हा प्रश्न लेखाच्या शेवटी लागणार आहे.

आधी मोजा

‘कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी’ ही प्रश्नावली इंटरनेटवर मोफत मिळते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांची प्रश्नावली जास्त प्रसिद्ध आहे, पण तिला परवाना विकत घ्यावा लागतो. स्वतःपुरते बघायला कोपनहेगनची पुरे. प्रश्न १९ आहेत आणि भाग तीन: तुम्ही एकूण किती थकलात, कामामुळे किती थकलात, पेशंटमुळे किती थकलात. ‘नेहमी’ला १००, मग ७५, ५०, २५ आणि ‘कधीच नाही’ला ०. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी ताकद उरते का, असा एक प्रश्न आहे. त्याचे गुण उलटे धरायचे. इथे बरेच जण चुकतात. प्रत्येक भागाची सरासरी वेगळी काढा, तिन्हींची बेरीज करू नका. एखादी ५० किंवा त्याहून वर गेली तर दखल घ्या. आकडे तारखेसह लिहून ठेवा.

एक सावधगिरी: हे रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर भरू नका. व्यवस्थापनाने पाठवलेली ‘निनावी’ लिंक असेल आणि युनिटमध्ये माणसे चारच असतील, तर ती कितपत निनावी राहणार ते तुम्हीच ठरवा.

मग एकच सवय निवडा

पाच अॅप एकदम उतरवू नका. मी सुचवेन ती सवय ‘तीन चांगल्या गोष्टी’ची. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी ती इंटरनेटवरूनच तपासली होती. पुढे ब्रायन सेक्स्टन आणि कॅथरिन अडेर या संशोधकांनी २२८ आरोग्य कर्मचाऱ्यांकडून ती १५ दिवस करून घेतली. भावनिक थकवा कमी झाला आणि वर्षभरानंतरही फरक दिसत होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे फार मोठा दावा करता येत नाही. पण मोडणार आहेत ती रोजची पाच मिनिटे.

करायचे असे. झोपण्याआधी (नाइट असेल तर सकाळी, पडदे ओढल्यावर) मोबाइलच्या नोट्समध्ये आज बरे गेलेले तीन प्रसंग लिहा. प्रत्येकापुढे त्यात तुमचा हात काय होता तेही लिहा. खरी मेख या दुसऱ्या ओळीत आहे. ‘आजींना पहिल्याच टोचणीत सलाइन लागले’ एवढ्यावर थांबू नका. ‘कारण मी आधी त्यांचा हात शेकून घेतला’ हे जोडा. आपल्या हातून काही होत नाही, या भावनेला उत्तर तिथेच मिळते. पेशंटचे नाव किंवा बेड नंबर मात्र टाकू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे लिहा. ‘साखळी तुटली’ म्हणून टोचत राहणारी अॅप्स मी तरी टाळते. दिवसभर मॉनिटर वाजतात तेवढे पुरे नाही का?

ड्यूटीच्या मधोमध घशाशी आले, तर या नोट्स कामाच्या नाहीत. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची ‘डूइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस’ ही सचित्र पुस्तिका आहे. ती मोफत आहे, ऑडिओही मिळतो. तिच्यातली पहिली कृती औषधांच्या ट्रॉलीजवळ उभ्या उभ्या जमते: काय वाटते आहे ते ओळखा, श्वास संथ सोडा, पाय जमिनीवर दाबा, मग समोर काय दिसते, काय ऐकू येते तिकडे लक्ष न्या.

जीव नकोसा वाटत असेल किंवा झोपेसाठी गोळ्या, दारू लागत असेल, तर यातले काही करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१५ दिवसांनी पुन्हा मोजा

त्याच १९ प्रश्नांची उत्तरे पुन्हा द्या. पेशंटचा भाग खाली आणि कामाचा भाग तसाच वर, असे दिसले तर पेशंट तुम्हाला नकोसे झालेले नाहीत. गडबड पाळ्यांत, कागदपत्रांत किंवा माणसांच्या तुटवड्यात असू शकते. रोस्टर बदलायचे काम नोट्समधल्या तीन ओळी करणार नाहीत. दोन-तीन सहकाऱ्यांचे आकडे त्यांच्या संमतीने जोडून घ्या आणि इन्चार्जकडे एकच नेमकी मागणी न्या: सलग नाइट किती असाव्यात, ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) द्यायला किती मिनिटे मिळावीत, जेवणाच्या सुटीत कॉल कोण घेणार.